देवाजी धुरकऱ्याचा ताप

१

देवाजी मंगळवारी सकाळी साडेआठला पडला आणि साडेनऊला गडचिरोलीच्या रस्त्यावर, गाडीतच मेला. गाडी दवाखान्यात पोचायच्या आधी इकडे करंजटोल्याने निकालही लावून टाकला, की सुनेनं विष घातलं. आमचं गाव तसं सुस्त. हातपंप दुरुस्त करायचा ठराव करायला तीन महिने घेते. पण एखाद्या बाईला खुनी ठरवायचं म्हटलं की त्याला तासभरही लागत नाही.

मी मुखरू. हिवताप खात्यातला रिटायर माणूस. एकतीस वर्षं सूरजागडच्या डोंगरपट्टीत पायी फिरलो, घरोघरी बोटं टोचून रक्त काढलं, काचेवर फासलं, गोळ्या वाटल्या. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी गावात कोणाचं अंग तापलं की तो आधी माझ्या दारात येतो, मग सरकारी दवाखान्यात. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

देवाजीही आला होता. दहा दिवसांआधी. अंग तापलेलं, डोळे ओढलेले. मी आशाताईकडून किट मागून आणलं आणि बोट टोचलं. रेघ एकच आली. एक रेघ म्हणजे हिवताप नाही, दोन रेघा म्हणजे आहे, हे लहान पोरही सांगेल. पण मी तिथं हजार किट पाहिलेला माणूस. अशा एका रेघेवर विसंबून माणसं मेलेली पाहिली होती. म्हटलं, "देवाजी, हिवतापच हाय. गोळ्या घे अन् पड." घरच्या डब्यातल्या गोळ्या दिल्या आणि विषय संपवला.

आता तो मेला होता, आणि सून अंगणवाडीत बसवून ठेवली होती.

तिचं नाव बुधरी. सूरजागडकडची गोंडाची पोर. तिचा बाप कोलू माझ्यासोबत बावीस वर्षं जंगलात फिरला, एकाच भगोन्यातलं खाल्लं आम्ही. देवाजीचा पोरगा अजय खाणीवर ट्रक चालवायला गेला, तिथं दोघांचं जुळलं. इकडे देवाजीची बायको गुणाबाई तोंड फिरवून बसली, तिकडे कोलू अडला. मग मीच मध्ये पडलो, दोन्हीकडे शब्द टाकला, लग्न लावलं. आता पोरीला पाचवा महिना होता.

दुपारी ठाण्याचा जमादार आदेश माझ्या अंगणात येऊन बसला. पोरगा भला आहे. टोपी मांडीवर ठेवून म्हणाला, "काकाजी, उद्या दहाले गडचिरोलीले पोस्टमार्टेम हाय. डॉक्टर पोटातलं बरणीत भरन, ते तपासाले जाईन, रिपोर्ट याले चार-सहा महिने. तवापर्यंत का करू? गाव म्हणते अटक करा. नाई केली तं तिले मारतीन. केली तं बाळंतपण जेलात."

"तुले का वाटते?"

"मले वाटून का होते? तिनं मामाजीले, म्हंजे सासऱ्याले, जंगलातली मुळी उकळून देल्ली, हे तिनंच कबूल केलं."

त्याने खिशातून सील केलेली पिशवी काढली. मी बाहेरूनच ओळखली. गुळवेलीचे तुकडे. आमच्या अर्ध्या गावाच्या कुंपणावर चढलेली असते. हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"आदेश, उद्या दहापर्यंत वेळ दे," मी म्हणालो. "मी इचारपूस करतो."

"करा. पण एक सांगतो. तिनं रडत रडत एकच गोष्ट धरून ठेवली हाय. म्हणे, मामाजी कोणापासून तरी काई लपवून राह्यले होते."

२

गुणाबाई ओसरीवर बसली होती. भोवती बाया. मला पाहिलं तशी म्हणाली, "मुखरूभाऊ, तुमीच आणली तिले या घरात."

मी खाली बसलो.

बाया उठून गेल्यावर मी सकाळचं विचारलं. ती सांगत गेली. "सहा-सात दिसापासून पेजेवर होते. गिळाले त्रास होये. आज उठले अन् म्हणे, परवा पट हाय, अंगात जोर पाह्यजे, मले जेवाले द्या. तिनं भात अन् तुरीचं वरण वाढलं. चार घास खाल्ले. पाचव्या घासाले छाती धरली. उजवा हात असा लोंबला, तोंड वाकडं झालं. बोलताच येये ना. मंग रक्ताची उलटी झाली. एवढी!"

पट म्हणजे शंकरपट. आमच्याकडे संक्रांतीच्या सुमारास बैलजोड्यांची शर्यत होते. जोडी हाकणारा तो धुरकरी. देवाजी अठ्ठावन्नाव्या वर्षीही पाच गावांत नावाजलेला धुरकरी होता, आणि कोर्टाने पट पुन्हा सुरू केल्यापासून तर त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

"बाई, तोंडाले फेस होता? फवारणीच्या औषधीचा वास?"

"नाई."

"त्याच भांड्यातलं आणखी कोणी खाल्लं?"

"मी खाल्लं. अजयनं खाल्लं." मग स्वतःच चपापली. "त्याईच्या ताटात घातलं असन!"

धानाच्या गावात राहणाऱ्या माणसाला विष कळते. फवारणीचं औषध प्यालेली माणसं मी पाहिली आहेत, बैलगाडीतून नेली आहेत. तोंडाला फेस, वास असा की दहा हातांवरून समजावं. पण विषाने एकच हात लोंबत नाही. एक हात आणि वाकडं तोंड म्हणजे लकवा, आणि लकवा डोक्यात होतो. मग रक्त पोटातून का आलं? आणि ताप?

मी उठायला लागलो तशी गुणाबाई पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "एक सांगू का? महिन्याआधी त्याईच्या जांघेत काळंनिळं झालं होतं. बैलानं शिंग मारलं म्हणे. मी हळद लावाले गेली तं हात झटकला. पण मले दिसलं. दोन टोचे होते. बारीक. बोटभर अंतरावर."

बैलाला दोन शिंगं असतात, बोटभर अंतरावर नसतात.

३

अजय गोठ्यात होता. पटाच्या जोडीसमोर उभा राहून नुसता पाहत होता. मी हाक मारली तरी वळला नाही.

"काकाजी, मले बी धरतीन का?"

"काऊन धरतीन?"

"सोमवारी बाबासंग भांडलो. म्हटलं, या वर्षी पट मी हाकतो, तुमच्या अंगात ताप हाय. तं मले म्हणे, मी मरन तवा हाक." त्याने बैलाची मान खाजवली. "अख्ख्या गावानं आयकलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने त्याने बैलाच्या साजाची पेटी उघडली. घुंगरमाळा, झुली. त्यांच्याखाली गोळ्यांच्या दोन पट्ट्या.

"सकाळी बाबाले घेऊन जायच्या आंधी बैल बांधाची मोरकी काढाले पेटी उघडली तं हे दिसलं. कोणाले दाखवलं नाई. वाटलं, बुधरीनंच देल्लं असन तं?"

बायकोवर त्याचाही संशय होता. हे ऐकून मला जेवढं वाईट वाटलं तेवढं त्या दिवशी दुसऱ्या कशाने वाटलं नाही.

मी मूल गावच्या औषधवाल्याला फोन लावून पट्टीवरचं नाव वाचून दाखवलं. तो म्हणाला, "रक्त पातळ कराची गोळी आहे ही. हृदयाचे पेशंट घेतात. कोणाची आहे?"

मी फोन ठेवला. अजय म्हणाला, "तरीच! गेल्या पंधरवड्यात दाढी करतांना कापलं तं अर्धा तास रक्त थांबे ना. काकाजी, बाबाले हृदयाचं काई नव्हतं. उलट दोन वर्षांपासून धाप लागे, छाती धडधडे, ते डिसेंबरात सगळं बरं झालं. बांधावर माह्या आंधी चढे."

"डिसेंबरात का झालं?"

"काई नाई. शफीचाचासंग नागपूरले गेले होते, ताजबागेच्या दर्ग्यात. चार दिस. तिथून आले ते बरे होऊनच आले. मले वाटलं, दर्ग्यातल्या बाबाची कृपा झाली." तो थांबला. "चाचा दर आठवड्यात येऊन त्याईले काईतरी पुडी दे. लपवून. मी दोनदा पाह्यलं."

शफी मूलला बैलांचा साज बनवतो. झुली शिवतो, माळा ओवतो. त्याचा आणि देवाजीचा तीस वर्षांचा दोस्ताना. देवाजी मेल्याचं कळून आठ तास झाले होते, आणि तो अजून आला नव्हता.

४

अंगणवाडीत बुधरी भिंतीला टेकून बसली होती. महिला शिपाई दाराशी. भिंतीवर क ख ग, वर आंब्याचं चित्र. डोळे सुजलेले, पण मला पाहून उठायला लागली.

"बस माय, बस. मले फक्त ताप सांग. पयल्या दिसापासून."

ती हुशार पोर आहे, बापासारखी. घरातले रोज पाहूनही विसरतात ते तिच्या लक्षात राहते. म्हणाली, "ताप एकाएकी ये. कधी सकाळी, कधी दुपारी. हिवतापात अंग थरथरते, तसं नाई झालं. एकदा बी नाई. चौथ्या दिसापासून गिळाले दुखे. घास छातीच्या मधात अटकते म्हणत. गरम पाणी बी नोको म्हणत. मंग मी पेज थंडी करून दे. परवा बोलतांना शब्द अटकले, थोड्या वेळानं बरे झाले. मी म्हटलं दवाखान्यात चला, तं म्हणे पट झाल्यावर जाऊ."

"तुले वाटलं नाई का हे हिवतापाचं नाई म्हणून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत.

"काकाजी, मी तुमच्या दारात आली होती. पाचव्या दिसी. इचारलं होतं, हुडहुडी काऊन नाई? तुमी म्हटलं, तुह्या बापाले हिवताप मी शिकवला, तू मले शिकवते का?"

म्हटलं होतं. शब्दही तेच. त्या वेळी मला ते मोठं गंमतीचं वाटलं होतं.

"हे तू आदेशले सांगतलं?"

"नाई."

"काऊन?"

शिपाईबाई म्हणाली, वेळ झाली. मी बाहेर आलो तेव्हा हातातल्या काठीचं ओझं होत होतं. चार गोष्टी होत्या. जांघेत दोन टोचे, रक्त पातळ करायची गोळी, नागपूर, आणि गिळताना छातीत दुखणं. माणूस कोणी मारला हा प्रश्नच चुकीचा असावा असं मला पहिल्यांदा वाटलं. मारणारं काहीतरी महिन्याआधी त्याच्या आत शिरलं होतं, आणि ते शफीला माहीत होतं.

५

बुधवारी सकाळी सहाच्या गाडीने मूलला उतरलो. धान गिरणीची फक्त एक चिमणी धूर सोडत होती. शफीचं दुकान बंद. मागच्या दाराने गेलो तर त्याची बायको कमरजहाँ चुलीपाशी बसलेली, आणि तो खाटेवर, कालचेच कपडे अंगावर.

"शफी, आला काऊन नाई?"

"कौनसे मुंह से येऊ भाऊ?" त्याचा आवाज फुटला. "मेरा यार मैने मारा."

कमरजहाँ म्हणाली, "रातभर हेच बोलून राह्यले. तुम्हीच समजवा."

समजवायला मी आलो नव्हतो. मी सरळ विचारलं, "नागपूरले का केलं?"

त्याने सगळं सांगितलं. देवाजीच्या छातीची धडधड म्हणजे हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं, असंच राहिलं तर रक्ताची गाठ होऊन लकवा होऊ शकतो. गोळ्यांनी जमेना. मग जांघेतल्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयात घातली आणि जिथून वेडे ठोके उठतात तिथं आतून डाग दिले. ना चिरा, ना टाके. तिसऱ्या दिवशी चालत बाहेर आला.

"रस्त्यात म्हणे, शफी, कोणाले सांगू नको. हृदयाचा ऑपरेशनवाला म्हटलं तं पटाची कमिटी मले जोडीले हातबी लावू देणार नाई. कुराणावर हात ठेवून कसम घे. मैने ली. कागदभी मेरे पास रखे, गोळीभी मीच नेऊन दे."

"दाखव कागद."

त्याने झुलीच्या गठ्ठ्यातून दवाखान्याचं कार्ड काढलं. शेवटच्या पानावर मराठीत मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. दोन महिन्यांच्या आत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, बोलण्यात अडखळ किंवा हातापायात कमजोरी, यातलं एकही आढळलं तर त्याच दिवशी या नंबरवर फोन करा. इतर कोणाला तोंडातून दुर्बीण घालू देऊ नका. खाली नंबर.

मी ते दोनदा वाचलं. एकही असं लिहिलं होतं, देवाजीला पडण्याआधीच चार होते.

"हे तुले वाचता येते. ताप आला हे तुले माहीत होतं. मंग फोन काऊन नाई केला रे?" मी ओरडलोच त्याच्यावर. "एक फोन!"

शफी खाटेवरून उठला. मग म्हणाला, "केला नं भाऊ. तुमाले केला."

मला काही समजेना.

"बुखारच्या दुसऱ्या दिसी. मैने बोला, देवाजीको बुखार है, नागपूर घेऊन जातो. कसम होती, हृदयाचं नाई सांगू शकलो. तुम्ही बोले, कायले नागपूर? हिवताप हाय, मी गोळी देल्ली, चार दिसात उठते. तुम्ही सरकारी आदमी, तीस साल का तजुर्बा. मैने सोचा, चला, अल्लाचं शुक्र, ते दुसरं नाई."

मला तो फोन आठवत नव्हता. खरंच नव्हता. दिवसातून असे दोन-तीन फोन येतात, चहा पिता पिता उत्तर देतो मी. आता आठवलं. मी तेव्हा शेंगा खात होतो.

६

रडत बसायला वेळ नव्हता. घड्याळात सात वाजले होते. दहाला देवाजीला टेबलवर घेणार, पोट आणि आतडी बांधून बरण्यांत भरणार, छाती वेगळी, सगळे भाग सुटे. एकदा सुटं झालं की नेमकं कुठं काय बिघडलं होतं ते कोणालाच दिसणार नव्हतं. मी कार्ड घेतलं आणि गडचिरोलीची एसटी पकडली.

आदेशला गाडीतूनच फोन केला. तो आधीच दवाखान्यात होता. पोस्टमार्टेम करणाऱ्या डॉक्टर नीलिमा, तिशीतली बाई, हातमोजे घालतच बाहेर आल्या. "काका, नातेवाइकांनी तिकडे थांबा."

"नातेवाईक नाई मॅडम. एक मिनिट आयका, मंग हाकला."

मी बोलत गेलो. विष नाही, कारण एकाच भांड्यातलं तिघांनी खाल्लं, वास नाही, फेस नाही. हिवताप नाही, कारण किटवर एकच रेघ होती आणि हुडहुडी एकदाही नाही. ताप आहे, गिळताना दुखणं आहे, लकवा आहे, रक्ताची उलटी आहे. एवढं सगळं एकाच आजारात कुठं बसते ते मला माहीत नाही, पण या कागदात ते सगळं एका ओळीत लिहिलं आहे, म्हणजे ज्यांनी लिहिलं त्यांना माहीत आहे. "घास छातीच्या मधात अटके, अन् डाग हृदयात देल्ले. तुमी फक्त हृदयाच्या मागे पहा. सुटं करण्याआधी पहा."

त्यांनी कार्ड घेतलं. वाचता वाचता चेहरा बदलला. त्यांनी तिथूनच त्या नंबरवर फोन लावला, पाच मिनिटं बोलल्या, आणि आत जाताना म्हणाल्या, "बरं केलंत आत्ताच आलात. मी सुटंच काढणार होते."

दीड तास आम्ही लिंबाखाली बसलो. आदेश दोनदा चहा घेऊन आला. मी प्यालो नाही.

बाहेर आल्या तेव्हा मला बाजूला घेतलं. "अन्ननलिका हृदयाच्या मागच्या भिंतीला अगदी चिकटून असते, काका. आतून डाग देताना उष्णता कधी कधी पलीकडे पोचते. तिथं जखम होते, ती तीन-चार आठवडे कुरतडत जाते आणि एक दिवस भोक पडतं. मग हवा, अन्न, जंतू थेट रक्तात. म्हणून ताप, म्हणून लकवा. भोक सापडलं. तुरीच्या डाळीएवढं. हृदयाच्या कप्प्यात भाताचे कण होते."

"म्हणजे नागपूरवाल्याईनं चुकवलं?"

"तसं म्हणता येणार नाही. हजारात एखाद्यालाही हे होत नाही. बाकीचे बरे होतात, लकव्यापासून वाचतात. यांचंही हृदय छान झालं होतं, ठोके नीट पडत होते म्हणे घरचे. धोका त्यांनी लिहून दिला होता. हे कळायला एकच वेळ असते, ताप येतो ती."

मला विचारायचं नव्हतं. तरी तोंडातून निघालंच. "पयल्या दिसी नेलं असतं तं?"

त्यांनी कार्ड माझ्या हातात परत दिलं. "सांगता येत नाही. पण पहिल्या दिवशी भोक बहुधा लहान असतं, किंवा पडलेलंही नसतं. तेव्हा ऑपरेशन करून माणसं वाचलेली आहेत. उशीर झाला की जवळजवळ कोणी वाचत नाही. त्यांना अडवलं कोणी?"

आदेश माझ्या मागे उभा होता. त्याने ते ऐकलं.

७

बुधरीला मंगळवारी रात्रीच ठाण्यात हलवलं होतं. गुरुवारी, तिसऱ्या दिवशी, आदेश तिला गाडीतून गावात घेऊन आला. देवाजीच्या अंगणात अर्धं गाव जमलेलं. पट दुसऱ्याच गावात भरला होता, तिकडे कोणी गेलं नव्हतं.

आदेशने डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला, सोप्या भाषेत समजावूनही सांगितलं. विष नाही. मुळी म्हणजे गुळवेल. लोक कुजबुजले. वाटलं, आता संपलं.

गुणाबाई दारात उभी राहिली आणि दार सोडेना. म्हणाली, "विष नाई देल्लं, मान्य. पण दहा दिस तिच्या हाताखाली होते. ताप होता, गिळता येये ना, हे तिले दिसे. दवाखान्यात काऊन नाई नेलं? जंगलातल्या मुळ्या उकळत बसली. तिनंच ठेवलं त्याईले घरात. मले ती या घरात नोको."

मागून दोन-चार बाप्ये म्हणाले, बरोबर हाय. अजय खांबाला टेकून जमिनीकडे पाहत होता. मेल्या, तुझी बायको आहे ती!

बुधरी अंगणाच्या मध्ये उन्हात उभी. कपड्यांचं एक गाठोडं हातात, आणि दुसरा हात पोटावर. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं. एका वाक्यात ती स्वतःला सोडवू शकत होती, आणि ते वाक्य तिने ठाण्यातही उच्चारलं नव्हतं, इथंही उच्चारत नव्हती. शफी येऊन माझ्याजवळ उभा होता. हळूच म्हणाला, "भाऊ, फोनका मैं किसीको नहीं बोलूंगा." आदेशही हातातल्या कागदाकडे पाहत राहिला. म्हणजे मी गप्प बसलो असतो तर जन्मभर कोणी काही बोललं नसतं.

मीही माणूस आहे. काही क्षण मी गप्प बसलोच. या गावात मला दुसरं काय आहे? बायको गेली, पोरगी चंद्रपूरला. आहे ते एवढंच, की कोणाला ताप आला तर तो माझ्या दारात येतो.

"बाई," मी म्हणालो, "तिनं नाई ठेवलं. मी ठेवलं."

गुणाबाईचा हात दारावरून खाली आला.

"किट मीच केलं. रेघ एकच आली होती. हिवताप नव्हता. तरी मीच हिवताप सांगतला, मीच गोळ्या देल्ल्या. शफी नागपूरले नेतो म्हणे, मीच नाई म्हटलं. अन् ही पोर पाचव्या दिसी माह्या दारात आली होती. म्हणे, हा हिवताप दिसत नाई. या अख्ख्या गावात तिलेच बरोबर समजलं होतं. मी तिचा अपमान करून तिले परत पाठवलं. मले कोणी इचारलेलं सहन होत नाई, म्हणून. आदेश, लिहून घे. सही करतो."

आदेशने वही काढली नाही. मी त्याच्या खिशातून पेन घेतला, तेव्हा त्याने काढली. लिहिलं ते मीच वाचून सही केली.

कोणीतरी मागून म्हणालं, "अरे बापरे, मुखरूकाका!" कोणी एक शिवीही दिली. ती बरी वाटली.

गुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांची ओळख. तिच्या पोराचा पहिला ताप मीच उतरवला होता, तिचं बाळंतपण अडलं तेव्हा गाडी मीच आणली होती. ती पायऱ्या उतरून आली, बुधरीच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि तिला म्हणाली, "चाल आत. पोटूशी असून उन्हात काऊन उभी राह्यते?"

दाराशी पोचल्यावर थांबली. वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "मुखरूभाऊ, तुमी आता जा. अन् गावात कोणाचं बोट टोचू नोका."

मी हो म्हटलं. मग घरी गेलो.